मैलागणिक कर आणि चाळिशी ओलांडलेल्या गाड्या

१९२० आणि १९३०च्या दशकांतल्या एखाद्या छोट्या ब्रिटिश मोटारीचे इंजिन खोलून पाहिले, तर त्याचा आकार काही अंशी अर्थखात्याने ठरवलेला दिसतो. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड कर होता. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजत नसत. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे एक सूत्र होते: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. पिस्टन किती लांब पल्ला मारतो याला त्या सूत्रात जागाच नव्हती. मग कारखानदारांनी व्यास आवळला आणि पल्ला वाढवला. ऑस्टिन सेव्हनचा सिलिंडर ५६ मिलिमीटर रुंद, पिस्टनचा पल्ला ७६ मिलिमीटर. तिला वर्षाला ८ पौंड पडत. फोर्डच्या मॉडेल टीचे सिलिंडर रुंद, त्यामुळे ती सूत्राने २२ अश्वशक्तीच्या वर जाई. ११.९ अश्वशक्तीच्या मॉरिस काउलीच्या मालकापेक्षा फोर्डच्या मालकाला जवळपास दुप्पट कर भरावा लागे, आणि ब्रिटिश बाजारात फोर्ड मागे पडण्याचे ते एक मोठे कारण ठरले. १९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट १० पौंड कर आला, तेव्हा कुठे कारखान्यांवरचा हा दबाव सुटला.

आज ज्या गाड्यांना आपण वारसा म्हणून जपतो, त्यांची घडण अशी करातून झालेली आहे. म्हणून रस्त्यावरचा कर कशावर बसवायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तेव्हा जुन्या गाड्यांचे मालक कान टवकारतात. आणि तो प्रश्न आता खरोखरच उभा राहिला आहे.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी अर्थसंकल्पात जाहीर केले की एप्रिल २०२८ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींना मैलामागे ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींना मैलामागे दीड पेनी कर लागेल. वर्षाच्या सुरुवातीला आपण किती मैल जाऊ याचा अंदाज मालकाने द्यायचा, त्यानुसार पैसे भरायचे आणि पुढे ओडोमीटरचा आकडा तपासून हिशेब पुरा करायचा. गाडी कुठे गेली हे पाहणारे यंत्र बसवणार नाही, असे सरकारने स्पष्ट केले आहे. या कराचे कारण उघड आहे. इंधनावरच्या करातून ब्रिटिश तिजोरीत वर्षाला सुमारे २४ अब्ज पौंड येतात, आणि बॅटरीवर चालणारी गाडी त्यात एक पैसाही घालत नाही. नव्या करातून २०२८-२९ मध्ये १.१ अब्ज आणि २०३०-३१ मध्ये १.९ अब्ज पौंड मिळतील, असा तिथल्या अंदाजपत्रक तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा हिशेब आहे. म्हणजे मोठ्या खिंडाराला सध्या एक छोटी वीट लावली आहे. बाकीच्या विटा पुढे कुठून येणार, हे कुणी सांगितलेले नाही.

या घोषणेत पेट्रोलच्या गाड्या नाहीत. मग १९६५ सालच्या मॉरिस मायनरच्या मालकाने का चिंता करावी? कारण यंत्रणा एकदा उभी राहिली की तिची व्याप्ती वाढवायला कायद्यातला एक परिच्छेद पुरतो. आइसलंडमध्ये नेमके हेच झाले. तिथे जानेवारी २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांना किलोमीटरमागे ६ क्रोनर कर लागू झाला. दोनच वर्षांनी, १ जानेवारी २०२६ पासून, तो पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांनाही लागू झाला आणि इंधनावरचे जुने कर काढून टाकले. कार्बन कर तेवढा राहिला आणि वाढला. आइसलंडवाल्यांनी हे प्रामाणिकपणे केले असे माझे मत आहे: एक कर आला तेव्हा दुसरा गेला. ब्रिटनमध्ये तसेच होईल का, हा तिथल्या जुन्या गाडीवाल्यांचा खरा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

ब्रिटनमध्ये या कल्पनेला मोठा इतिहास आहे. १९६४ मध्ये रूबेन स्मीड यांच्या समितीने रस्ता वापरेल त्याने वापराप्रमाणे पैसे द्यावेत आणि त्यासाठी गाडीत मीटर बसवता येतील, असा अहवाल दिला. तो कपाटात गेला. २००७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने देशव्यापी रस्ता-शुल्काची कल्पना पुढे केली, तेव्हा पंतप्रधान कार्यालयाच्याच संकेतस्थळावरच्या विरोधी अर्जावर १८ लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्या आणि योजना गुंडाळली गेली. २०२२ मध्ये संसदेच्या वाहतूक समितीने पुन्हा तेच सुचवले. सरकारने मानले नाही. विजेच्या गाड्यांनी पेट्रोलपंपावरचा कर पोखरायला सुरुवात केली नसती, तर हा विषय आणखी वीस वर्षे पडून राहिला असता.

आता आकड्यांकडे येऊ, कारण या वादात आवाज जितका चढतो तितका हिशेब मांडला जात नाही.

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने २०२० मध्ये मोठे सर्वेक्षण केले. त्यात अशी एक गाडी वर्षाला सरासरी सुमारे १,२०० मैल धावते असे आढळले. रोज कामावर जाणारी गाडी याच्या पाच-सहा पट सहज धावते. मैलामागे ३ पेन्स हाच दर लावला, तर १,२०० मैलांचे होतात ३६ पौंड. एखाद्या संमेलनाला जाताना भरलेल्या पेट्रोलपेक्षा ही रक्कम कमी आहे.

याच गाडीचा मालक आज पंपावर किती कर देतो? २०२५चा अर्थसंकल्प मांडला तेव्हा इंधनकर लिटरला ५२.९५ पेन्स होता. मॉरिस मायनर गॅलनला ३५ मैल देते असे धरू. १,२०० मैलांना लागतील साधारण १५६ लिटर, म्हणजे नुसता इंधनकर ८२ पौंड. मैलामागे जवळजवळ ७ पेन्स. गॅलनला १८ मैल देणारी जग्वार ई-टाइप घेतली, तर ३०३ लिटर आणि १६० पौंड. मैलामागे १३ पेन्सच्या वर. व्हॅट मी धरलेलाच नाही. तेव्हा जुन्या गाडीचा मालक रस्त्याचा कर देत नाही, फुकट फिरतो, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. त्याच्या परवान्यावर शून्य लिहिलेले असते. पंपाच्या पावतीवर नसते. तो मैलागणिक कर आजही भरतो, आणि विजेच्या नव्या गाडीसाठी ठरवलेल्या दराच्या दुप्पट ते चौपट भरतो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो अनेक क्लबवाल्यांना रुचणार नाही, पण मला तो टाळता येत नाही. मैलागणिक कर इंधनकराच्या जागी आला, तर कमी धावणाऱ्या जुन्या गाड्यांचा त्यात फायदा आहे. तो इंधनकराच्या डोक्यावर बसला, तर मात्र अन्याय आहे. भांडायचे असेल तर या एका मुद्द्यावर भांडावे. ‘मैल मोजूच नका’ असे म्हणत बसण्यात शक्ती घालवू नये.

याहून जास्त फायदा एका वेगळ्याच गटाला होईल, आणि त्याच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक रस्ताकर माफ आहे. ही सवलत सरळ वाटेने आलेली नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात तेव्हाचे अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना ती दिली; १९९८ मध्ये त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी ती १९७३ च्या आधीच्या गाड्यांपुरती गोठवली; २०१४ पासून ४० वर्षांची सरकती मर्यादा आली. पण १९८६ ते २००१ या काळातल्या ज्या गाड्यांना आज नवी पिढी क्लासिक मानू लागली आहे, त्या सवलतीच्या बाहेर आहेत. पहिली माझ्दा एमएक्स-५ घ्या. १,५९८ सीसीचे इंजिन, म्हणजे १,५४९ सीसीच्या रेषेच्या जरा वर. तिला २०२५-२६ मध्ये वर्षाचा कर होता ३६० पौंड. मालक तिला फक्त उन्हाळ्यातल्या रविवारी बाहेर काढतो, वर्षाला १,२०० मैल फिरवतो. मैलामागे ३० पेन्स पडले, आणि पेट्रोलवरचा कर वेगळा. म्हणून बरेच जण सहा महिन्यांचाच कर भरतात आणि हिवाळ्यात गाडी रस्त्यावर नसल्याचे कळवून ती गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. वापरानुसार कर यावा असे कुणी मागायला हवे, तर या तरुण क्लासिकवाल्यांनी. पण क्लबांच्या समित्यांवर वजन असते ते जुन्या, करमाफी मिळालेल्या गाड्यांच्या मालकांचे, आणि त्यामुळे विरोधाचा सूर तेवढा ऐकू येतो.

पैशाचा प्रश्न असा निम्मा सुटतो. मोजणीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तिथे मी पूर्णपणे मालकांच्या बाजूचा आहे.

जुन्या गाडीत अंतर मोजले जाते ते दातेरी चाकांनी. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. त्यातून एक लवचीक केबल निघते आणि डॅशबोर्डच्या मागे मीटरमध्ये शिरते. गाडी चालली की केबल आतल्या आत फिरते. एकीकडे ती एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने वेगाचा काटा हलतो. दुसरीकडे ती मळसूत्री दात्यांमधून आकड्यांची चाके पुढे ढकलते. स्मिथ्स कंपनीच्या कित्येक मीटरांच्या तबकडीवर अगदी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो: एका मैलाला ही केबल किती वेळा फिरली पाहिजे तो. तो आकडा गाडीच्या मागच्या ॲक्सलचे दाते आणि टायरचा घेर यांच्याशी जुळलेला असतो. साठ वर्षांत काय काय बदलते पाहा. जुन्या धाटणीच्या टायरांच्या जागी रेडियल आले, घेर बदलला. हायवेवर इंजिन ओरडू नये म्हणून कुणी पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. कुणी ॲक्सल दुसऱ्या मॉडेलचा घातला. मीटर बिघडला तेव्हा भंगारातून त्याच दिसण्याचा, पण वेगळ्या आकड्याचा मीटर आणून लावला. गाडी उत्तम चालते, मालक प्रामाणिक आहे, आणि ओडोमीटर शंभर मैलांना नव्वद किंवा एकशे दहा दाखवतो. शिवाय बहुतेकांना पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. केबल तुटली तर नवी मिळेपर्यंत आकडा जागचा हलत नाही.

त्याहून जुन्या गाड्यांची तर बातच वेगळी. दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या मिरवणुकीत १९०५ पूर्वीच्या गाड्या असतात. १८९६ मध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेणारा कायदा आला, त्या आनंदात निघालेल्या पहिल्या यात्रेची ही आठवण. या गाड्यांपैकी बहुतेकींना अंतर मोजणारे यंत्र मुळातच नव्हते. ते बसवा म्हणणे म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांच्या वस्तूला भोक पाडायला सांगणे आहे.

यात आणखी एक मेख आहे. नव्या कराचा आकडा मुख्यतः वार्षिक तपासणीत, तिथल्या एमओटीत, नोंदवला जाणार आहे. पण मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना एमओटी सक्तीची नाही. म्हणजे ज्या गाड्यांचे मीटर सर्वांत बेभरवशाचे, त्यांच्याकडे पाहणारा तपासनीसच नाही. आणि अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यासारखा मार्ग घेतला तर? १९१९ मध्ये पेट्रोलवर अमेरिकेतला पहिला राज्यकर लावणाऱ्या ऑरेगॉनने २०१५ मध्ये स्वेच्छेची मैलागणिक योजना सुरू केली. त्यात गाडीच्या संगणकाच्या सॉकेटमध्ये एक डबी खोचतात आणि ती मैल कळवते. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत डबी खोचायला जागाच नाही. हवाईने जुलै २०२५ पासून विजेच्या गाड्यांसाठी साधा रस्ता धरला: वार्षिक सुरक्षा तपासणीत ओडोमीटर पाहायचा, हजार मैलांना ८ डॉलर लावायचे, आणि ज्याला मोजणी नको त्याने वर्षाला ५० डॉलर ठोक भरून मोकळे व्हायचे. हा ठोक रकमेचा पर्याय मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाड्यांसाठी उत्तर याच दिशेला आहे.

न्यूझीलंडचे उदाहरण सर्वांत दीर्घ अनुभवाचे. तिथे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून डिझेलच्या गाड्या पंपावर नव्हे तर किलोमीटरवर कर भरतात. मालक हजार-हजार किलोमीटरचा परवाना आधी विकत घेतो आणि काचेवर लावतो. हलक्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर. एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्याही त्यात आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी सांगितले की पेट्रोलच्या गाड्यांसकट सगळ्यांनाच पुढे याच पद्धतीत आणायचे आहे. पेट्रोलवर सध्या लिटरला सुमारे ७० सेंट अबकारी आहे, जीएसटी सोडून. ढोबळ हिशेब केला तर शंभर किलोमीटरला १५ लिटर पिणारी जुनी व्ही-८ आज हजार किलोमीटरला १०५ डॉलर देते. नव्या पद्धतीत ७६ देईल. शंभराला ७ लिटरमध्ये भागवणारी जुनी मिनी आज ४९ देते, तिलाही ७६. म्हणजे तहानलेल्या गाडीला सूट आणि काटकसरी गाडीला दंड. सगळ्या किलोमीटरांना एकच दर लावण्यातला हा मोठा दोष आहे. हवेचा विचार केला तर तो उलटा पडतो, आणि जुन्या गाड्यांच्या जगातही छोट्या, सामान्य माणसाच्या गाडीचे नुकसान करून श्रीमंत संग्राहकाचे भले करतो. वारसा म्हटले की डोळ्यांपुढे जग्वार येते; पण ऑस्टिन, मॉरिस, फियाट याही वारसाच आहेत, आणि त्या पेन्शनवर जगणाऱ्या मालकांकडे असतात.

ऑस्ट्रेलियात हा प्रयोग कोर्टात अडला. व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२१ पासून विजेच्या गाडीला किलोमीटरमागे अडीच सेंट लावले; मालकाने ओडोमीटरचा फोटो पाठवायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला, कारण असा कर फक्त केंद्राला लावता येतो. पण त्याच व्हिक्टोरियात जुन्या गाड्यांसाठी एक व्यवस्था कित्येक वर्षे चालू आहे आणि ती मला या सगळ्या आढाव्यात सर्वांत शहाणी वाटली. गाडी २५ वर्षांहून जुनी असेल आणि मालक मान्यताप्राप्त क्लबचा सभासद असेल, तर त्याला वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा परवाना पूर्ण नोंदणीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळतो. सोबत एक वही मिळते. गाडी बाहेर काढायच्या आधी त्या दिवसाची ओळ पेनने भरायची. मैल नाहीत, उपग्रह नाही, डबी नाही. किती दिवस चालवली एवढेच. वही न भरता पोलिसाने पकडले तर गाडी विनानोंदणी ठरते, म्हणून लोक वही भरतात. दिवस मोजायला केबल लागत नाही.

सवलतीचा गैरवापर होत नाही असे नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना करमाफी होती, तेव्हा शेजारच्या देशांतून जुन्या डिझेल गाड्या आणून लोक त्या रोज वापरू लागले. वारशाच्या नावावर धूर आणि पैशांची बचत. २०१४ मध्ये सरकारने माफीची मर्यादा ४० वर्षांवर नेली. मधल्या काळातल्या, १९८८ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कमी कराची मुभा ठेवली, पण डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत त्या रस्त्यावर आणायच्या नाहीत अशी अट घातली. रोज गाडी लागणारा माणूस तीन महिने थांबू शकत नाही; छांदिष्ट सहज थांबतो, कारण रस्त्यावर टाकलेले मीठ त्यालाही गाडीच्या पत्र्याला लागू द्यायचे नसते. जर्मनीने १९९७ मध्ये तिसरीच वाट काढली. ३० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी तपासणीतून पास झाली की तिच्या नंबराच्या शेवटी एच हे अक्षर लागते आणि कर होतो सरसकट १९१.७३ युरो. एच मिळवायला गाडी चांगली ठेवावी लागते, आणि त्यातून जतनाची शिस्त आपोआप येते.

गाडी कुठे जाते हे सरकारला का कळावे, हा आक्षेप शौकिनांच्या तोंडी सतत असतो. उपग्रहाने माग काढण्याला त्यांचा विरोध असेल, तर माझाही आहे. पण ओडोमीटरचा आकडा कळवण्यात खासगीपण जाते, हे पटत नाही. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांचे विमे बहुतेक करून मर्यादित मैलांचे असतात. वर्षाला दीड हजार, तीन हजार मैल असे मालक स्वतः लिहून देतात, कारण हप्ता कमी बसतो. तोच आकडा सरकारला द्यायचा आहे. उलट दरवर्षीची नोंद झाली तर मीटर मागे फिरवून गाडी विकणाऱ्यांचा धंदा बसेल आणि प्रामाणिक मालकाच्या गाडीला भाव येईल.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. ब्रिटनमधली ४० वर्षांची करमाफी ही नुसती करमाफी नाही. तिच्यावर इतर सवलती टांगलेल्या आहेत. लंडनमध्ये प्रदूषण करणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, त्यातून जुन्या गाड्या सुटतात त्या परवान्यावर ‘ऐतिहासिक’ हा करवर्ग लिहिलेला असतो म्हणून. उद्या वापरानुसार कर आणताना हा वर्गच मोडीत काढला, तर ३६ पौंडांच्या भानगडीत लंडनचा रस्ता बंद होईल. म्हणून दर कितीही असो, वर्ग टिकवणे ही क्लबांची पहिली मागणी असायला हवी. ती मागणी करायला एक तयार जागाही आहे. करमाफी असली तरी मालकाला दरवर्षी शून्य रकमेचा परवाना घ्यावाच लागतो. त्याच अर्जात ‘गेल्या वर्षी किती मैल’ असा एक रकाना वाढवता येईल, आणि दोन-अडीच हजार मैलांच्या आत असणाऱ्याला काहीच न लावता सोडता येईल. ज्याला मीटर नाही किंवा मीटरवर भरवसा नाही, त्याच्यासाठी व्हिक्टोरियासारखी वही किंवा हवाईसारखी ठोक रक्कम. विजेची मोटर बसवलेली जुनी मिनी मात्र पंपावर काही भरत नाही. तिने तीन पेन्स द्यावेत, यात मला काही गैर दिसत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या चेहऱ्याने येतो. आपल्याकडे गाडी घेतानाच किमतीच्या टक्केवारीत एकरकमी कर भरावा लागतो, मग ती गाडी पुढे लाख किलोमीटर धावो की दारात उभी राहो. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो; नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षे चालते. पण गाडी नेहमीच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आपण वापरावर कर लावला नाही, थेट वापरालाच कुंपण घातले.

या कुंपणाच्या बाहेर राहते ती वीस ते पन्नास वर्षांमधली गाडी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९७४ पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या गाड्यांतल्या अगदी पहिल्या आता पन्नाशीला पोचल्या; ऐंशीच्या दशकातल्या, ज्या आजही दादर-पार्ल्याच्या इमारतींखाली झाकून ठेवलेल्या दिसतात, त्यांना अजून बरीच वाट पाहायची आहे. तोवर पर्यावरण कर आहेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी १० हजार रुपये झाली आहे. परदेशी गाडीला ८० हजार. महिन्यातून एकदा माहीमपर्यंत जाऊन येणारी पद्मिनी आणि रोज ठाण्याहून नरिमन पॉइंटला जाणारी वीस वर्षांची गाडी यांना एकच फी. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला किलोमीटरमागे कर परवडेल. ही ठोक फी त्याला गाडी भंगारात द्यायला लावते.

मोजणीचे वावडे तर आपल्याला कधी नव्हतेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या बाहेर डाव्या अंगाला शिक्का मारलेला मीटर पिढ्यान्‌पिढ्या होता. तो वेगात पळतो अशा तक्रारी झाल्या, तपासण्या झाल्या, पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तोवर मुंबईकर किलोमीटरप्रमाणे पैसे मोजत राहिला. महामार्गावर उपग्रहाने अंतर मोजून टोल घेण्याचा नियम केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये केला आहे. त्यात दिवसाचे पहिले २० किलोमीटर माफ आहेत, आणि देशभर तो लागू करण्याचा निर्णय झालेला नाही, असे मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. त्यासाठी गाडीत यंत्र बसवावे लागते. जुन्या गाडीला त्याची गरज नाही. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये जितके चालवाल तितका हप्ता या पद्धतीला परवानगी दिली. नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावीच लागते. तिथल्या फॉर्ममध्ये आधीच्या आणि आताच्या किलोमीटरचे दोन रकाने वाढवून, पाच वर्षांत ठरावीक अंतराच्या आत राहिलेल्या गाडीची फी निम्मी करता येईल, आणि त्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही.